बारा मोटेची विहीर: काळ्या दगडाच्या प्रिंटिंगच्या नोंदी

8 नोव्हेंबर 2025, सातारा

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीचे कृष्णधवल फोटो काढले होते, त्या फिल्मचे रोल वाळून तयार झाले. आजपासून डार्करूममध्ये प्रिंटिंगला हात घातला. संच फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) फोटो कागदावर काढायचा आणि लिंबमध्येच लावायला द्यायचा, असं ठरलं आहे. या विहिरीचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत, पण बहुतेकांत दगड एकतर नुसता काळा पडलेला असतो, नाहीतर निळसर करडा. मला तो दगड दाखवायचा आहे. छिन्नीचे घाव, चुन्याच्या दरजा, पाणी झिरपून काळवंडलेले पट्टे, हे सगळं एकमेकांपासून वेगळं दिसलं पाहिजे.

विहिरीच्या शिलालेखात बांधकामाची वर्षं शके 1641 ते 1646 अशी आहेत, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. छत्रपती शाहू महाराजांचा काळ. विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांची वाट, मधे कमानीखालून जाणारा बोळ आणि त्याच्यावर छोटा महाल. फोटोच्या दृष्टीने अवघड जागा हीच आहे. बोळात उभं राहिलं की भोवती अंधार, आणि समोरच्या कमानीतून उन्हाने तापलेली विहिरीची भिंत दिसते. डोळा दोन्ही बघतो. कागदाला ते जमत नाही.

रोल एचपी5 प्लस. आयएसओ 400 चा असूनही बोळासाठी 200 वर धरला, म्हणजे दुप्पट उजेड दिला, आणि धुताना वेळ थोडा कमी केला. कॅमेरा याशिका मॅट, म्हणजे 6 बाय 6 ची निगेटिव्ह. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडून ती मोठी छापणारं यंत्र, जुना डर्स्ट, कंडेन्सरचा (भिंगांनी उजेड सरळ करणारा), लेन्स 80 एमएमची एल-निक्कॉर.

संध्याकाळी कॉन्टॅक्ट शीट काढली, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह कागदाला टेकवून आहे त्याच आकारात छापल्या, 2 नंबरच्या फिल्टरवर. फिल्टर 00 पासून 5 पर्यंत, नंबर जितका मोठा तितका काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, कडक. वेळ ठरवताना फिल्मची कोरी कड जेमतेम पूर्ण काळी होईल एवढाच उजेड दिला, त्याहून जास्त नाही. अशी शीट खरं बोलते. त्यात जी चौकट फिकट दिसते ती खरोखर दाट निगेटिव्ह असते, जी मळकट दिसते ती खरोखर मळकट. शीट बघून दोन गट पडले. बोळाच्या निगेटिव्ह प्रचंड काँट्रास्टच्या आहेत, पण सावलीत माहिती आहे, ती हरवलेली नाही. महालाच्या खांबांच्या निगेटिव्ह सावलीतल्या मऊ उजेडातल्या, त्यामुळे सपाट. एकाच विहिरीत दोन्ही टोकं आली.


15 नोव्हेंबर

आधी सेफलाइटची, म्हणजे डार्करूममधल्या लाल दिव्याची, परीक्षा. काँट्रास्टची तक्रार करण्यापूर्वी ही करायलाच हवी, कारण गळका सेफलाइट पहिल्यांदा उजळ भाग खातो आणि प्रिंट उगाच मंद दिसते. मग माणूस कडक फिल्टर लावत बसतो आणि खरं कारण डोक्यावर लटकत राहतं.

बरेच जण कोऱ्या कागदावर नाणं ठेवून बघतात. ती चाचणी फसवी आहे. कागदाला टोन धरण्यापूर्वी थोडा उजेड पचतो, त्यामुळे कोरा कागद निर्दोष दिसतो, पण एन्लार्जरचा उजेड पडलेला कागद त्याच दिव्याखाली मळतो. म्हणून कागदाला आधी एन्लार्जरखाली फिकट करड्या टोनएवढं एक्स्पोजर दिलं, मग त्यावर रुपयाचं नाणं ठेवून सेफलाइटखाली मिनिटागणिक वाढत जाणाऱ्या पट्ट्या केल्या.

रंग दिलेला लाल झिरोचा बल्ब 4 मिनिटांत नापास. नाण्याचा गोल स्वच्छ उमटला. 15 वॉटच्या बल्बवर तपकिरी 902 फिल्टर लावून दिवा ट्रेपासून 4 फुटांवर टांगला, तेव्हा 8 मिनिटांपर्यंत काहीच उमटलं नाही. प्रिंट ट्रेमध्ये असते ती वेळ धरूनही हे पुरेसं आहे. लाल बल्ब काढून टाकला.


16 नोव्हेंबर

बोळाची निगेटिव्ह. आठ-दहा इंचांचा आरसी कागद (प्लास्टिकचा थर असलेला), मल्टिग्रेड (फिल्टरप्रमाणे काँट्रास्ट बदलणारा), फिल्टर 2, लेन्स एफ 11.

टेस्ट पट्टी मी पाच-पाच सेकंदांनी काढत नाही. 5 वरून 10 सेकंद म्हणजे उजेड दुप्पट, पण 25 वरून 30 म्हणजे फक्त पाचवा हिस्सा जास्त. पट्टीचं एक टोक उड्या मारतं, दुसरं जागचं हलत नाही. त्याऐवजी प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे 1.4 पट ठेवली: 8, 11.3, 16, 22.6, 32 सेकंद. प्रत्यक्षात आख्ख्या पट्टीला 8 सेकंद, मग पुठ्ठा सरकवत 3.3, 4.7, 6.6, 9.4. प्रत्येक पायरी म्हणजे लेन्सचा अर्धा स्टॉप (पूर्ण स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). डोळ्याला पायऱ्या सारख्या दिसतात आणि मधली वेळ निवडणं सोपं जातं.

पट्टी कुठे ठेवायची यालाही महत्त्व आहे. ती उजळ भिंतीवर आडवी ठेवली, म्हणजे प्रत्येक पायरीत तोच उन्हातला दगड येईल. 22.6 सेकंदांना भिंतीवरचे दगडांचे सांधे दिसायला लागले. त्याच वेळेवर पूर्ण प्रिंट काढली, तर बोळाच्या भिंती सपाट काळ्या. पायऱ्यांच्या कडासुद्धा गेल्या.

मग 0 नंबर. सगळं आलं. भिंत आली, पायऱ्या आल्या, कमानीच्या खालचा अंधारही आला. बघायला मात्र काही उरलं नाही. काळा बेसाल्ट कुठेच काळा नाही, चुन्याची दरज आणि दगड यांच्यात फरकच राहिला नाही. पुस्तकी नियम सांगतो की कडक निगेटिव्हला मऊ कागद. नियम चुकीचा नाही, पण तो फक्त दोन टोकं कागदावर बसवतो. मधल्या टोनांचं काय होतं, याची त्याला फिकीर नाही.


23 नोव्हेंबर

अण्णा आले होते. राजवाड्याजवळ त्यांचा स्टुडिओ होता, आता बंद आहे. रिटचिंगची पेन्सिल त्यांच्या हातात अजून स्थिर चालते. मी बोळाच्या दोन्ही प्रिंट खिडकीशी धरल्या. मऊ प्रिंटकडे बघून ते म्हणाले, "अगं, हा लिंबचा दगड आहे का? सिमेंट दिसतंय हे."

मी म्हटलं, "पण अण्णा, 2 नंबरवर बोळ सगळा काळा जातोय."

"जाणारच. तू सगळ्या कागदाला एकच नंबर लावतेस. आमच्या वेळी एका डब्यात एकच नंबर यायचा, म्हणून आम्ही अडकलो होतो. तुझ्याकडे फिल्टर आहेत ना? मग बोळ वेगळ्या नंबरवर छाप, भिंत वेगळ्या नंबरवर."

त्यांच्या काळी ग्रेडचा कागद यायचा. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू ब्रोमाइड, त्याआधी आग्फा. नॉर्मल, हार्ड असे डबे वेगवेगळे घ्यायचे, आणि हार्ड संपला की सपाट निगेटिव्हची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी बोलवायची. मऊ पाहिजे असेल तर अण्णा पाण्याची युक्ती करायचे. प्रिंट डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, थोडा वेळ बुडवायची, मग साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये न हलवता ठेवायची. काळ्या भागातलं डेव्हलपर लवकर संपतं आणि काळं थांबतं, उजळ भागातलं उरतं आणि तिथलं काम चालू राहतं. पुन्हा डेव्हलपर, पुन्हा पाणी. आजच्या आरसी कागदावर हे फारसं चालत नाही, कारण त्याच्या थरात डेव्हलपर धरूनच ठेवला जात नाही. फायबरवर करून बघण्यासारखं आहे.

मल्टिग्रेड कागद नवीन नाही, इलफर्डने तो पहिल्यांदा 1940 मध्ये आणला. त्याच्या थरात निळ्या उजेडाला सगळेच कण प्रतिसाद देतात, पण हिरव्याला काही कण जास्त आणि काही फार कमी. निळा उजेड पडला की सगळे कण जवळजवळ एकदम काळे होतात, म्हणून काँट्रास्ट कडक. हिरवा पडला की ते एकेक करून, अंतराअंतराने काळे होतात, म्हणून मऊ. 00 च्या पिवळ्या फिल्टरमधून हिरवा जातो, निळा अडतो. 5 च्या गडद मॅजेंटातून निळा जातो, हिरवा अडतो. मधले सगळे नंबर म्हणजे या दोघांचं प्रमाण. हे कळलं की अण्णांचं म्हणणं पटतं. एकाच कागदाच्या वेगवेगळ्या जागांना वेगवेगळं प्रमाण देता येतं.


24 नोव्हेंबर

काल रात्रीच करून बघितलं, आज उजेडात निकाल पाहिला.

बोळाचा दगड 3½ वर, 11 सेकंद. एवढ्या वेळात कमानीतली भिंत जवळजवळ कोऱ्या कागदासारखी पांढरी राहते, राहू दे. त्यानंतर फिल्टर बदलून 00, आणि पुठ्ठ्याला कमानीच्या आकाराचं भोक पाडून फक्त भिंतीला 28 सेकंद बर्निंग, म्हणजे जादा उजेड, पुठ्ठा सतत हलता.

बोळाच्या भिंतीवर पहिल्यांदा दगड दिसला. पाण्याचा पट्टा खरा काळा, त्याच्या शेजारी कोरडा दगड गडद करडा, दरजेतला चुना त्याच्याहून वर. तिकडे उन्हातली भिंत मऊ, पण रिकामी नाही. आणि कमानीच्या कडेला काळी किनार नाही, हे मुख्य. बर्निंग 3½ वरच केलं असतं तर पुठ्ठ्याच्या भोकाच्या कडेने गळालेल्या उजेडाने कमानीचा दगड आणखी काळा झाला असता आणि हात फिरलेला लगेच कळला असता. 00 चा उजेड आधीच गडद असलेल्या भागात फार भर घालत नाही, उजळ भागाला मात्र टोन देतो.

या संचासाठी पद्धत आता ठरली. काँट्रास्टचा नंबर प्रिंटला द्यायचा नाही, प्रिंटमधल्या जागेला द्यायचा. दगडाला कडक, आकाशाला आणि उन्हाला मऊ.


30 नोव्हेंबर

स्प्लिट ग्रेडबद्दल फार ऐकलं आहे, की 00 आणि 5 अशी दोन एक्स्पोजर दिली की मधल्या फिल्टरला न येणारे टोन येतात. एकदा नीट तपासलं. त्याच निगेटिव्हची एक प्रिंट आख्ख्या कागदाला 00 आणि 5 देऊन, दुसरी मधल्या एकाच फिल्टरवर काँट्रास्ट जुळेपर्यंत. दोन्ही शेजारी ठेवल्या. फरक सापडला नाही. सापडायलाही नको, कारण कागदापर्यंत शेवटी हिरवा आणि निळा अमुक प्रमाणात पोचतात, मग ते एका फेरीत पोचोत की दोन.

फायदा दुसरीकडे आहे. दोन फेऱ्या असल्या की एका फेरीत एखादी जागा झाकता येते. 5 च्या फेरीत पायऱ्यांच्या खालच्या कोपऱ्यावर तारेला लावलेला पुठ्ठा फिरवला, तर तो कोपरा काळा व्हायचा थांबला, पण 00 ने दिलेला टोन तिथे राहिला. डॉजिंग केल्यावर, म्हणजे एखादी जागा अशी झाकल्यावर, जो राखी मळका डाग पडतो, तो पडला नाही. हा उपयोग खरा आहे, आणि मी तो ठेवणार आहे. सगळ्या कागदाला दोन फेऱ्या देण्यात काही गुपित आहे, असं मात्र मी आता कुणाला सांगणार नाही.


7 डिसेंबर

थंडी आली. रात्री साडेदहाला खोलीत 15 अंश. गेल्या आठवड्याच्याच वेळा, तोच फिल्टर, आणि प्रिंट मंद. काळ्यात जोर नाही.

डेव्हलपर मी घरी बनवते, डी-72. 1 लिटरला मेटॉल 3 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 45, हायड्रोक्विनोन 12, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट 80, पोटॅशियम ब्रोमाइड 2. क्रम सांभाळायचा. सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही, म्हणून आधी सल्फाइटची फक्त चिमूट, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट. वापरताना एक भाग डेव्हलपर, दोन भाग पाणी. यातला काळेपणा मुख्यतः हायड्रोक्विनोनचा, आणि तेच थंडीला सर्वात जास्त भितं. 12-13 अंशांच्या खाली ते जवळजवळ काम सोडतं, मेटॉल एकटं राहतं, आणि मेटॉल मऊ काम करतं. ट्रे थंड असणं म्हणजे नकळत अर्धा-एक नंबर उतरणं.

फिल्टर वाढवला नाही. ट्रे मोठ्या परातीत ठेवला, परातीत बंबातलं कोमट पाणी, थर्मामीटर ट्रेमध्येच. 20 अंशांवर आल्यावर त्याच वेळेला काळं परत आलं. परातीतलं पाणी दर पाऊण तासाने बदलावं लागतं. काम सुरू करण्यापूर्वी बाटल्याही त्याच पाण्यात ठेवायच्या, नाहीतर भरताक्षणी ट्रे पुन्हा गार होतो.


13 डिसेंबर

आज प्रिंट एकसारख्या येत नाहीत. तपमान 20, डेव्हलपर ताजा. संध्याकाळी सातला काढलेली प्रिंट फिकट आणि मऊ, रात्री अकराला काढलेली ठीक.

प्लगला मीटर लावला. सातच्या सुमारास 205 व्होल्ट, अकराला 230 च्या वर. एन्लार्जरचा दिवा थेट लाइनवर आहे. टंगस्टन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. व्होल्टेज 10 टक्के उतरलं की उजेड 30 टक्के जातो. फिकटपणा त्यामुळे. मऊपणाचं कारण रंग. दिवा मंद झाला की पिवळा होतो, त्यातला निळा हिरव्यापेक्षा जास्त उतरतो, आणि मल्टिग्रेड कागदाला निळा कमी म्हणजे काँट्रास्ट कमी. ग्रेडच्या जुन्या कागदावर फक्त वेळ वाढवली असती तर भागलं असतं. इथे वेळ वाढवूनही प्रिंट जुळत नाही.


14 डिसेंबर

घरातल्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आणला. तो टप्प्याटप्प्याने बदलतो, एक्स्पोजर चालू असताना टप्पा पडला तर उजेड डोळ्यादेखत हलतो. उपयोग नाही. आता काम रात्री साडेदहानंतर, आणि दर प्रिंटआधी मीटरकडे नजर. वहीत एक्स्पोजरच्या रकान्याशेजारी व्होल्टेजचा रकाना वाढवला.


28 डिसेंबर

महालाच्या खांबांची निगेटिव्ह. हत्ती, घोडे, फुलं, सगळं उथळ कोरलेलं, वर सावलीतला सारखा उजेड. निगेटिव्ह पातळ आणि सपाट. इथे उलटं काम.

2 वर करडी. 3 वर बरी. 4 वर खांब भिंतीपासून सुटला. इलफर्डच्या फिल्टरमध्ये 00 पासून 3½ पर्यंत वेळ तीच राहते, 4 पासून 5 पर्यंत दुप्पट. म्हणजे 3½ ला 12 सेकंद असतील तर 4 ला 24. पण "वेळ तीच" याचा अर्थ नीट घ्यायचा. फिल्टर बदलल्यावर एकच मधला फिकट करडा टोन जागेवर राहतो, त्याच्या वरचं-खालचं सगळं सरकतं. खांबावर मला जो टोन सांभाळायचा आहे तो त्या करड्याहून गडद आहे, म्हणून 4 वर गेल्यावर 24 ऐवजी 20 वर थांबले. फिल्टर बदलला की नवी पट्टी, हे काही चुकत नाही.

कंडेन्सरचा एन्लार्जर इथे कामाला येतो. त्याचा उजेड सरळ येतो आणि निगेटिव्हच्या दाट भागात जास्त विखुरतो, त्यामुळे तीच निगेटिव्ह डिफ्यूजरच्या एन्लार्जरपेक्षा सुमारे अर्धा ते एक नंबर कडक छापली जाते. बोळाच्या वेळी हाच गुण जड जात होता. त्याची दुसरी बाजू म्हणजे धूळ. प्रत्येक कण पांढरा टिंब होऊन येतो, आणि 4 नंबरवर तो जास्तच उठतो. निगेटिव्ह कॅरिअरमध्ये घालताना तिरक्या उजेडात बघणं, ब्लोअर, मऊ ब्रश, याला छपाईएवढाच वेळ दिला.

घोड्याच्या मानेवरची आयाळ आता रेघ-रेघ दिसते. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "दिसणारच. दगडाचा नंबर तोच आहे."


4 जानेवारी 2026

शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. भिंतीतलं ते शिल्प, दुपारचं तिरपं ऊन. छाती आणि पंजा पेटलेले, पोटाखाली गडद सावली. 3 वर शिल्प छान उठतं, पण पंजावर कागद कोरा पडतो. बर्निंग करायचं तर पंजाचा आकार इतका वेडावाकडा की पुठ्ठा फिरवला तर सावलीत गळणारच.

इथे फ्लॅशिंग. निगेटिव्ह काढली, एन्लार्जर वर नेला, एफ 16, फिल्टर 00. पट्टीला एक-एक सेकंद वाढवत दिले. 4 सेकंदांना अगदी पहिला टोन दिसतो, 3 ला कागद कोराच. म्हणून प्रिंटच्या एक्स्पोजरआधी आख्ख्या कागदाला 3 सेकंद. कागदाला टोन धरण्याआधी जो उजेड पचतो तो असा आधीच देऊन टाकला, की पंजाच्या दाट निगेटिव्हमधून येणारा थोडासा उजेडही टोन उमटवतो. सावलीला 3 सेकंदांची भर जाणवतच नाही.

पंजावरच्या छिन्नीच्या रेघा आल्या. 4 सेकंद देऊन बघितले तर पांढराच मंद झाला आणि दगडावरचं ऊन गेलं. म्हणजे सीमा फार अरुंद आहे, आणि ती प्रत्येक डब्यासाठी पुन्हा शोधायची.


11 जानेवारी

फायबर कागदावर आले. आरसीच्या वेळा इथे जशाच्या तशा चालत नाहीत, पट्ट्या पुन्हा. डेव्हलपरमध्ये 2 मिनिटं पूर्ण. घाईने बाहेर काढली तर काळं कच्चं राहतं, ते कुठल्याही फिल्टरने भरून येत नाही.

ओली प्रिंट फसवते. ट्रेमध्ये उजळ भाग झगझगीत, काळं खोल. वाळली की उजळ भाग एक पाऊल खाली उतरतो. या कागदावर मी सुमारे 8 टक्के वेळ कमी करते, आणि तीही ओल्या प्रिंटमध्ये भिंत थोडी जास्तच उजळ वाटेल तेव्हाच बरोबर. खात्री करायची तर पट्टीचा तुकडा हेअर ड्रायरने वाळवून बघायचा. रात्री बल्बखाली ठरवलेलं सकाळी खिडकीत पुन्हा बघायचं, कारण लिंबमध्ये ही प्रिंट दिवसाच बघितली जाणार.

धुण्याचं पाणी हा इथला खरा हिशोब. नुसत्या पाण्यात फायबर धुवायला तासभर लागतो, आणि आमच्या भागात नळाचं पाणी सकाळच्या ठरावीक वेळेपुरतंच. कास तलावाचं पाणी तासभर मोरीत सोडून द्यायला मन धजत नाही. हायपोनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणानंतर) छोटी धुलाई, मग 2 टक्के सोडियम सल्फाइटच्या द्रावणात 10 मिनिटं, मग टबात पाणी बदलत धुणं. सल्फाइटमुळे हायपो कागदाच्या तंतूंतून लवकर सुटतो आणि पाणी फार वाचतं.


18 जानेवारी

बोळाच्या फायबर प्रिंटमध्ये कमानीच्या माथ्यावरचा चुना अजून दबलेला. फिल्टरने तिथे पोचता येत नाही, पट्टा बोटाच्या नखाएवढा.

पोटॅशियम फेरीसायनाइडचं अगदी पातळ द्रावण, फिकट पिवळं दिसेल एवढंच. ओली प्रिंट काचेवर उभी, कापसाने आजूबाजूचं पाणी टिपलेलं, बारीक ब्रश. ब्रश लावला की लगेच पाण्याचा फवारा, मग बघायचं. ब्लीच आधी उजळ टोन खातं, गडद टोन नंतर. म्हणून दरजेतला चुना वर आला आणि शेजारचा दगड जागेवर राहिला, म्हणजे तेवढ्याच जागेत काँट्रास्ट वाढला. शेवटी पुन्हा हायपो आणि पुन्हा धुलाई, नाहीतर तिथे डाग धरतो.

अण्णा शेजारी बसून बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "आणखी एकदा लाव. पण ब्रश कोरडा कर." लावला. दरज कमानीच्या टोकापर्यंत अखंड आली. मग त्यांनी प्रिंट स्वतः पाण्यात सोडली.


26 जानेवारी

बारा-सोळा इंचांचा कागद. 6 बाय 6 चौरस असल्याने चित्र 12 बाय 12 इंच येतं. आठ-दहावरून इथे येताना प्रतिमा साडेतीन-पावणेचार पटींवरून साडेपाच पटींच्या आसपास जाते, आणि वेळ जवळजवळ दुप्पट होते. हिशोबाने सुरुवात, निकाल पट्टीवर.

मोठ्या आकारात तीच निगेटिव्ह, तोच फिल्टर, तरी प्रिंट थोडी मऊ वाटते. डोळ्यासमोर टोनांमधलं अंतर पसरतं, काळं आणि पांढरं एकमेकांपासून लांब जातात. म्हणून बोळाचा दगड 3½ वरून 4 वर. वेळ दुप्पट होण्याचा नियम इथे लागू, म्हणजे आकारामुळे एकदा दुप्पट आणि फिल्टरमुळे आणखी एकदा. लेन्स एफ 8 वर उघडून वेळ अर्ध्यावर आणली, नाहीतर हात हलवत उभं राहणं अवघड.

बोळाचा नकाशा वहीत चिकटवला, कागदाच्या छोट्या रेखाटनावर आकडे लिहून:
बोळाचा दगड, फिल्टर 4, एफ 8, 22 सेकंद. त्यात पायऱ्यांचा खालचा डावा कोपरा 5 सेकंद झाकलेला.
उन्हातली भिंत, फिल्टर 00, 27 सेकंद, कमानीचा पुठ्ठा.
वरच्या कोपऱ्यातलं आकाश, फिल्टर 00, आणखी 14 सेकंद.
ट्रे 20 अंश, 228 व्होल्ट.

खांबाची मोठी प्रिंटही आज निघाली, 4½ वर. शरभ बाकी आहे. त्याला फ्लॅशिंगची सीमा नव्या डब्यावर पुन्हा शोधायची, कारण हा डबा वेगळ्या बॅचचा आहे. पट्ट्या कापून काळ्या पाकिटात ठेवल्या. पुढच्या रविवारी साडेदहानंतर सुरुवात 3½ ने.